कल्याण जंक्शन आणि बीजगणित : नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा आठ शतकांचा मार्ग

१/ मुंबईहून आलेला लोहमार्ग कल्याणला दुभंगतो. एक फाटा कर्जतमार्गे पुण्याकडे वळतो. दुसरा कसाऱ्याचा घाट चढून नाशिक, मनमाड, चाळीसगाव असा खानदेशात उतरतो. आजचा धागा या दुसऱ्या फाट्याचा आहे. विषय बीजगणिताचा, पण त्याहून अधिक, दिवसा वर्गात बसण्याची सवड नसलेल्या माणसाने बीजगणित शिकायचे कसे, या जुन्या प्रश्नाचा.

२/ 'हायब्रिड' हा शब्द अलीकडे प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात असतो. अर्थ सरळ आहे : अर्धा अभ्यास विद्यार्थ्याने आपल्या वेळेत, पुस्तकावरून किंवा पडद्यावरून करायचा आणि उरलेल्या अर्ध्यासाठी शिक्षकासमोर येऊन बसायचे. ही पद्धत कोरोनाने जन्माला घातली, असा सार्वत्रिक समज आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या प्रवाशाला तरी तो पटू नये. या मार्गावर तिची एकेक कडी दोनशे वर्षे घडत होती.

३/ आरंभ मात्र दोनशे वर्षांच्याही मागे जाऊन करू. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. ज्या विषयाच्या नावानेच आपल्याकडे दहावीच्या मुलांच्या पोटात गोळा येतो, ते नाव याच ग्रंथाने आपल्या ओठी रुळवले.

४/ चाळीसगावजवळच्या पाटणे येथील देवीच्या मंदिरात १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत यासाठी त्याने मठ स्थापन केला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असे हा लेख सांगतो. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला.

५/ क्षणभर थांबून पाहा. गणित शिकवण्यासाठी राखून ठेवलेले उत्पन्न, त्याची दगडावर कोरलेली नोंद आणि त्या नोंदीत मराठी. संस्था, पैसा आणि भाषा हे तिन्ही प्रश्न आठशे वर्षांपूर्वीच एका भिंतीवर एकत्र आले होते. पुढच्या सगळ्या कथेत तेच पुन्हा पुन्हा भेटतील.

६/ त्या मठात काय शिकवले जात असेल, याची एक झलक. भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात. एकापेक्षा अधिक अज्ञात असले की रंग येतात : कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना फक्त पहिले अक्षर : या, का, नी. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. आपल्या एक्स-वायचे हे देखणे पूर्वज. समीकरण रंगीत असते, तर ते इतके रुक्ष वाटले असते का, हा माझा आवडता निरुपयोगी प्रश्न आहे.

७/ वर्गसमीकरण सोडवण्याची त्यांची रीत श्रीधराचार्यांची. श्रीधरांचा बीजगणितावरील मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. नियम उरला, कारण भास्कराचार्यांनी तो नाव घेऊन नोंदवला. रीत अशी : दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे, मग मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा.

८/ करून पाहू. २क्ष² + ५क्ष = १२. आठाने गुणले : १६क्ष² + ४०क्ष = ९६. पंचवीस मिळवले : (४क्ष + ५)² = १२१. म्हणून ४क्ष + ५ = ११, किंवा उणे ११. पहिल्यातून क्ष = दीड, दुसऱ्यातून क्ष = उणे ४. अपूर्णांकांची कटकट शेवटच्या पायरीपर्यंत येतच नाही. शाळेत पूर्ण वर्ग करताना याच अपूर्णांकांनी आपल्याला रडवलेले असते.

९/ यातली 'उणे ४' लक्षात ठेवा. वर्गसमीकरणाला दोन उत्तरे असतात हे भास्कराचार्य जाणत होते; पण प्रत्यक्षातल्या वस्तूंच्या उदाहरणात ऋण उत्तर लोकांना पटत नाही म्हणून ते सोडावे, असेही ते सांगतात. नवशिक्याच्या वहीत हे दुसरे उत्तर वेगळ्याच कारणाने गायब होते : ते सुचलेलेच नसते. धाग्याच्या शेवटाकडे आपण इथे परत येऊ.

१०/ 'बीजगणिता'चा फारसी अनुवाद शाहजहानच्या काळात, १६३४ मध्ये झाला. त्या फारसीवरून एडवर्ड स्ट्रेचीने १८१३ मध्ये इंग्रजी आवृत्ती काढली. कोलब्रुकने १८१७ मध्ये थेट संस्कृतावरून अनुवाद केला. म्हणजे मुंबईत नव्या शाळा उघडत होत्या, तेव्हा भास्कराचार्य इंग्रजीत वाचता येत होते. तरी मराठी मुलांच्या हाती आले ते इंग्रज गणिती हटन यांचे पुस्तक, मराठीत.

११/ हे घडवणारा माणूस जॉर्ज जर्विस. कंपनी सरकारच्या लष्करातला अभियंता. १८२० च्या दशकात मुंबईत त्याने देशी मुलांना मोजणी आणि अभियांत्रिकी शिकवणारा वर्ग चालवला, तोही मराठी व गुजराती माध्यमातून. पुस्तके नव्हती, म्हणून शास्त्रीमंडळींना सोबत घेऊन त्याने अंकगणित, बीजगणित, भूमितीचे ग्रंथ मराठीत सिद्ध केले. परिभाषेसाठी शास्त्र्यांना संस्कृताचे भांडार खुले होतेच. त्यांनी ते आधुनिक पाठ्यपुस्तकाच्या कामाला लावले.

१२/ पुढच्या पिढीत बाळशास्त्री जांभेकर. जन्म १८१२, मृत्यू १८४६. जेमतेम चौतीस वर्षांचे आयुष्य. एल्फिन्स्टन संस्थेत ते गणित व ज्योतिष शिकवत. दादाभाई नौरोजी हे त्यांचे विद्यार्थी. 'दर्पण'कार म्हणून त्यांचा फोटो प्रत्येक पत्रकारदिनी दिसतो. त्यांच्या गणिताची आठवण मात्र क्वचितच निघते.

१३/ आपल्या विषयाच्या दृष्टीने 'दर्पण'पेक्षा महत्त्वाचे आहे ते १८४० चे 'दिग्दर्शन', मराठीतले पहिले मासिक. भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन, गणित असे विषय त्यात येत. एल्फिन्स्टनच्या वर्गात जागा नसलेल्या वाचकापर्यंत महिन्याला एक हप्ता ज्ञान पोहोचवायचे, ही त्यामागची कल्पना. टपालाने येणाऱ्या पाठाचा हा मराठीतला आद्य नमुना मानायला माझी हरकत नाही.

१४/ जांभेकरांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. जन्म १८२५, गाव अलिबागजवळचे नागाव. विद्यापीठाची पदवी नाही, कारण ते शिकत होते तेव्हा मुंबईत विद्यापीठच नव्हते. कुलाब्याच्या वेधशाळेत काम करता करता त्यांचा अभ्यास वाढला. पुढे ते पुण्यात प्राध्यापक झाले आणि टिळकांसारख्या विद्यार्थ्याला त्यांनी गणित शिकवले. नोकरी करत शिकणाऱ्यांच्या आपल्या यादीत हे नाव अग्रभागी ठेवायला हवे.

१५/ आता भाषेचे भांडण. १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी. उच्च शिक्षण इंग्रजीतच हवे, हे त्यांचे ठाम मत. विरोधात उभा राहिला तोच जर्विस : बहुसंख्यांपर्यंत ज्ञान न्यायचे तर ते त्यांच्याच भाषेत न्यावे लागेल. त्याच्या बाजूने मंडळातले देशी सभासद होते. त्यांत प्रमुख नाव जगन्नाथ शंकरशेट.

१६/ नाना शंकरशेटांच्या युक्तिवादाचा गाभा व्यवहाराचा होता. परभाषा आत्मसात करण्यात मुलाची वर्षे खर्च होतात. इतकी सवड थोड्यांनाच असते. ज्याला लवकर पोट भरण्याच्या मागे लागायचे आहे, त्याला विद्या मातृभाषेतच मिळू शकते. म्हणजे हे भांडण दिसायला भाषेचे, पण मुळात वेळेचे. इंग्रजीतून बीजगणित शिकणाऱ्याला एकाच वेळी दोन विषय शिकावे लागतात.

१७/ आणि हेच नाना शंकरशेट लोहमार्गाच्या मागेही उभे होते! मुंबईत रेल्वे यावी यासाठी १८४५ पासून झटणाऱ्यांमध्ये ते होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन १४ डब्यांची गाडी ठाण्याला निघाली, तेव्हा तेही त्या गाडीत होते. १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. मातृभाषेतल्या शिक्षणाचा कैवारी आणि ठाण्याच्या गाडीचा प्रवर्तक एकच, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

१८/ कारण रेल्वेने एक नवा प्राणी निर्माण केला : राहतो एका गावात, कमावतो दुसऱ्या गावात, असा माणूस. ठाणे मुंबईपासून सुमारे ३४ किलोमीटर, कल्याण सुमारे ५४, डोंबिवली त्यांच्या दरम्यान. अंतर गाडीने कापले, पण तेवढा दिवसही कापून नेला. अशा माणसाने शिकायचे ठरवले, तर वर्ग भरवायचा कोणत्या प्रहरी?

१९/ विद्यापीठाने या प्रश्नाकडे प्रदीर्घ काळ लक्ष दिले नाही. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. परीक्षेत बीजगणित होते आणि भाषा इंग्रजी होती. व्यवहारात पेरींची बाजू जिंकली. जर्विसच्या वर्गात मराठी बोललेले बीजगणित वरच्या वर्गांत इंग्रजी झाले.

२०/ वेळेचा प्रश्न आधी उचलला तो विद्यापीठाबाहेरच्यांनी. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांना शिकायचे असेल, तर शाळेनेच आपली वेळ बदलावी, हा विचार तिथे कृतीत उतरला. तिथे बीजगणित नव्हते. अक्षरओळख आणि हिशेब होते. पण तत्त्व हेच.

२१/ महाविद्यालयाच्या पातळीवर हे तत्त्व मुंबईत ठळकपणे आणले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय २० जून १९४६ रोजी सुरू झाले. सकाळच्या वर्गांमुळे विद्यार्थ्याला तासिका आटोपून कचेरी गाठता येई. कल्याणकडच्या मुलाला त्यासाठी पहाटेची गाडी धरावी लागणार हे खरे. पण नोकरी सोडावी लागणार नव्हती. सकाळचे कॉलेज ही मुंबईच्या मध्यमवर्गाची ओळख पुढे झाली. तिची मुळे कुठे आहेत हे त्यातले फारच थोडे सांगतात.

२२/ हळूहळू महाविद्यालये रुळांवरून बाहेर सरकली. ठाण्यात १९३५ पासून कार्यरत असलेल्या विद्या प्रसारक मंडळाने १९६९ मध्ये चेंदणीच्या खाडीकाठी महाविद्यालय उभारले. कल्याणात १९७२ मध्ये बिर्ला महाविद्यालय आले. ठाणे-कल्याणच्या मुलाचा रोजचा फेरा वाचला. नोकरदाराचा वाचला नाही, कारण तो दिवसा ठाण्यात नसतोच.

२३/ त्याच्यासाठी दार उघडले १९७१ मध्ये. मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रमांचे संचालनालय सुरू केले. तेच पुढे दूर व मुक्त अध्ययन संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'आयडॉल'. घरी टिपणांचे गठ्ठे, अधूनमधून संपर्क व्याख्याने, वर्षाअखेर परीक्षा. देशात दिल्ली विद्यापीठाने हा प्रयोग १९६२ मध्येच केला होता. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ चे. त्याचे वर्ग १९७१ मध्ये सुरू झाले आणि पाठ बीबीसीवरून घरोघर पोहोचले.

२४/ या संस्थेत पुढे गणिताचा पदव्युत्तर अभ्यासही करता येऊ लागला. ज्यांनी तो केला आहे त्यांना विचारा. इतिहासाचे टिपण गाडीत उभ्याने वाचता येते. गणिताचे येत नाही. त्याला मांडी, वही, पेन्सिल आणि अर्धा तास सलग शांतता लागते. डोंबिवलीला चढलेल्या माणसाला यातले पहिलेच मिळत नाही.

२५/ पुढची कडी नाशिकची. जुलै १९८९ मध्ये राज्य विधिमंडळाच्या कायद्याने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. पुढे ते इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचे ब्रीद. नाशिक आपल्याच फाट्यावर आहे, हे ध्यानात आले असेलच.

२६/ या विद्यापीठाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, पुस्तकाची जात. शिक्षकाने वर्गात समजावावे म्हणून लिहिलेले पुस्तक वेगळे आणि शिक्षक नसताना विद्यार्थ्याने एकट्याने वाचावे म्हणून लिहिलेले वेगळे. दुसऱ्यात प्रत्येक टप्प्यावर थांबून स्वतःला तपासण्याची सोय हवी. दुसरी गोष्ट, अभ्यासकेंद्र : चालू महाविद्यालयाचेच वर्ग सुटीच्या दिवशी उघडायचे आणि मार्गदर्शनाला शिक्षक बसवायचा. मराठी भाषा, घरचा अभ्यास, रविवारची भेट. जर्विस, 'दिग्दर्शन' आणि फुले या तिघांचेही धागे इथे येऊन मिळतात.

२७/ शिवाय पूर्वतयारीचा मार्ग. औपचारिक शाळा अर्धवट सुटलेल्यालाही पूर्वतयारी करून पदवीकडे जाता येई. दहावीच्या गणितात अडकून पडलेल्यांना ही वाट केवढी मोलाची होती, हे चाळीत वाढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. 'बीजगणितात राहिला' हे वाक्य आमच्याकडे आयुष्याच्या निकालासारखे उच्चारले जाई.

२८/ बीजगणिताला दरवाजा करावे की नाही, हा वाद इतरत्रही आहे. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची स्वस्त, सर्वांना खुली, दोन वर्षांची महाविद्यालये असतात. इलिनॉयमधले जोलिएट १९०१ चे. तिथला 'इंटरमीजिएट अल्जिब्रा' म्हणजे साधारण आपल्या नववी ते अकरावीचे बीजगणित, आणि नोकरदार विद्यार्थ्यांना तो हायब्रिड स्वरूपातही घेता येतो. कॅलिफोर्नियाने २००९ पासून दोन वर्षांच्या पदवीसाठी गणिताची पातळी इथवर वाढवली. २०१७ च्या कायद्याने मात्र उलट दिशा धरली : विद्यार्थ्यांना पायाभूत गणिताच्या वर्गांत अडकवून ठेवण्यावर निर्बंध आले.

२९/ महाराष्ट्राने हाच झोका खाल्ला. शालान्त परीक्षेत काही वर्षे 'सामान्य गणित' असा सोपा पर्याय होता. नव्या अभ्यासक्रमाबरोबर तो गेला. तो घेणाऱ्याची दहावी सुटे, पण पुढे गणिताची वाट अडे. दरवाजा फक्त एक खोली आत सरकला होता. मला विचाराल तर पर्याय काढणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि काढून टाकणाऱ्यांचे कारणही खोटे नव्हते.

३०/ मग मार्च २०२० आला. लोकल सामान्य प्रवाशांसाठी थांबली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी ती ठरावीक वेळांत खुली झाली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना प्रवास मिळाला. रुळांवर जगणाऱ्या आपल्या गावांत शिक्षणाने प्रथमच रुळांशिवाय चालायचे होते. डोंबिवलीतल्या एका खोलीत तीन माणसे आणि एक मोबाइल, त्यावर वर्गसमीकरण : हे दृश्य अनेकांना परिचित असेल.

३१/ त्याच काळात, मे २०२१ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचा मसुदा मांडला : प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन, उरलेला समोरासमोर. पत्रद्वारा शिकणारे नोकरदार पन्नास वर्षे साधारण याच मिश्रणावर जगत होते. त्यांच्या वाट्याला समोरासमोरचे ६० टक्के मात्र कधी आले नव्हते.

३२/ आता ती उणे ४. श्रीधरांची रीत चित्रफितीवरून उत्तम शिकता येते. हवी तितक्या वेळा मागे जाऊन पाहता येते. वर्गमूळ घेताना उणे चिन्ह सुटले, हे मात्र चित्रफितीला कळत नाही. यंत्र उत्तर चूक म्हणेल. कोणत्या ओळीत आणि का, हे वहीवर वाकलेला माणूस सांगतो. समोरासमोरचा वेळ थोडाच असेल, तर तो व्याख्यानात घालवू नये, विद्यार्थ्याच्या वहीवर घालवावा. माझ्या मते हायब्रिड बीजगणिताचे यश एवढ्यावर ठरते.

३३/ भाषेचे भांडण तर अजून चालूच आहे. जुन्या मराठी पुस्तकांत अज्ञात राशी 'क्ष' असे. १८९५ मध्ये राँटगेनला सापडलेल्या अज्ञात किरणांना मराठीत 'क्ष-किरण' म्हटले गेले ते त्याच सवयीने. आज मराठी माध्यमाच्या पुस्तकातही एक्स आणि वाय असतात. सेमी-इंग्रजीत तर सारे गणितच इंग्रजीत. सकाळच्या कल्याण गाडीत मुलगी मराठीत पुटपुटत इंग्रजी समीकरण सोडवताना दिसली, की मला पेरी आणि नाना शंकरशेट शेजारच्याच बाकावर बसल्याचा भास होतो.

३४/ पाटण्याला जायचे असल्यास : कल्याणहून चाळीसगावला थांबणारी गाडी धरावी. तिथून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत. पावसाळा सरताना जावे. डोंगर हिरवे असतात. लेख वाचता येईलच असे नाही, अक्षरे जुनी आहेत. सोबत गणिताची वही असली, तर परतीच्या प्रवासात खिडकीची जागा आणि सलग चार-पाच तास मिळतात.

(धागा समाप्त)